पद्मिनीत जिप्सीचे इंजिन: सांवेर रोडवरील एका लेथवाल्याच्या कामाविषयी

वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी गेली सहा वर्षे इंदूरच्या लोकमान्य नगरातील आमच्या घराच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. तिच्या इंजिनाचा ब्लॉक दोनदा बोअर होऊन, म्हणजे सिलिंडर आतून तासून रुंद होऊन, गेला होता, आणि तिसऱ्यांदा बोअर करण्याइतकी जाडी सिलिंडरच्या भिंतीत उरलेली नाही, असे तिघा मिस्त्रींनी आपापल्या शब्दांत सांगितल्यावर मारुती जिप्सीचे १२९८ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे इंजिन तिच्यात बसवण्याचे मी आणि माझ्या मेहुण्याने ठरवले. जुने इंजिन उतरवणे, नवे चढवणे, वायरिंग आणि पेट्रोलची लाइन ही कामे आम्ही घरीच, चेन कुप्पी (वजन उचलण्याची साखळी-कप्पी) आणि भाड्याने आणलेल्या चार घोड्यांच्या, म्हणजे गाडीखाली लावायच्या लोखंडी टेकूंच्या, बळावर केली. इंजिनाची फाउंडेशन (इंजिन ज्यांवर टेकते ते आधार), गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर (आडवा आधार) आणि गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट या तीन गोष्टी मात्र घरी होण्यासारख्या नव्हत्या, आणि त्या आम्ही सांवेर रोडच्या औद्योगिक भागातील एका लेथवाल्याकडून करून घेतल्या. हा अभिप्राय त्या तीन कामांपुरता आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण चालकांनीच ते देऊ नका असे सांगितले. हाती घेतलेलीच कामे तुंबलेली असताना नवी गिऱ्हाइके त्यांना नको आहेत. त्या भागात जुन्या गाड्यांच्या शाफ्टचे काम कोण करतो असे विचारल्यास दुसऱ्या-तिसऱ्या दुकानात पत्ता मिळतो, एवढे पुरे.

जिप्सीच का, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण लेथवाल्याकडे काय घेऊन जायचे हे त्यावरून ठरते. पद्मिनी ही मुळात फियाट ११००. १९६४ साली ती येथे फियाट ११०० डिलाइट म्हणून बनू लागली आणि १९७४ च्या सुमारास तिला पद्मिनी हे नाव मिळाले. तिचे १०८९ सीसीचे इंजिन लांबीच्या दिशेने उभे असते आणि जोर मागच्या चाकांना जातो. आजच्या बहुतेक लहान गाड्यांची इंजिने आडवी बसतात आणि पुढची चाके ओढतात, त्यामुळे ती पद्मिनीत बसवायची तर गिअरबॉक्सचे काय करायचे हा प्रश्न उरतो, आणि जुन्या गिअरबॉक्सला जोडण्यासाठी जाड प्लेट कापून घ्यावी लागते, ज्यात क्रँकचा आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य केसभरही हलून चालत नाही. जिप्सीचे इंजिन पद्मिनीसारखेच लांबीच्या दिशेने बसते. शिवाय जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) एका कवचात नसतात. गिअरबॉक्समधून एक आखूड शाफ्ट निघतो, तो मागे वेगळ्या टांगलेल्या ट्रान्सफर केसला मिळतो आणि तेथून पुढच्या-मागच्या चाकांकडे शाफ्ट जातात. ट्रान्सफर केस आणि आखूड शाफ्ट बाजूला ठेवला की हातात राहतो तो पाच गिअरांचा, मागच्या चाकांना जोर देण्यास तयार असलेला गिअरबॉक्स. महूकडील एका भंगार व्यापाऱ्याकडे लष्करी लिलावातून सुटलेल्या जिप्सीचे इंजिन, गिअरबॉक्स, ईसीएम (इंजिनाचा संगणक) आणि तारांचा संपूर्ण जुडगा लिलावाच्या कागदांसह मिळाला. कागदांवर मी हटून बसलो, आणि ते बरेच झाले. त्याचे कारण पुढे येईल.

लेथवाल्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो फक्त शाफ्ट करून घ्यायला. पद्मिनीच्या हाउसिंगकडचा, म्हणजे मागच्या आसाच्या कवचाकडचा, फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) आणि जिप्सीच्या गिअरबॉक्सकडचा फ्लँज अशी दोन टोके पिशवीत होती आणि मधले अंतर मेहुण्याने टेपने मोजून कागदावर लिहून दिले होते. दुकानात दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक प्रेस आणि भिंतीला टेकवलेले पंधरा-वीस शाफ्ट. चालक साठीच्या पुढचे; सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारले, ‘‘गाडी पूरे वजन पर खडी थी क्या, जब नापा?’’ गाडी घोड्यांवर होती आणि मागचा हाउसिंग कमानपाट्यांना लोंबत होता. उस्तादांनी दोन्ही फ्लँज परत पिशवीत घातले आणि रविवारी घरी येतो म्हणाले. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापाचा शाफ्ट कापून देऊन पैसे घेणे त्यांना सहज शक्य होते, आणि तो शाफ्ट लांबीला चुकला असता.

रविवारी ते आले ते डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारे सुईचे माप), कोन मोजण्याचे चुंबकी यंत्र आणि खडू घेऊन. गाडी खाली उतरवली, पुढच्या सीटवर मेहुण्याला आणि मागे पोत्यांत चाळीस-चाळीस किलो वाळू बसवली, आणि मग त्यांनी गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाचा आणि क्राउन-पिनियनच्या, म्हणजे हाउसिंगमधील दातेरी चाकांच्या जोडीच्या, तोंडाचा कोन घेतला. येथे थोडे शास्त्र सांगतो, कारण या कामातील सगळी मेख त्यातच आहे. शाफ्टच्या टोकाला जो क्रॉस, म्हणजे वाकणारा सांधा, असतो, तो वाकून फिरताना वेग सारखा देत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढचा भाग किंचित जलद आणि दोनदा किंचित मंद फिरतो, आणि कोन जितका मोठा तितका हा चढउतार मोठा. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हाच दोष उलट्या दिशेने करून पहिल्याचा हिशेब चुकता करतो, पण त्यासाठी दोन अटी आहेत: दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि क्रॉस धरणारे शाफ्टवरचे दोन्ही काटे एका रेषेत हवेत. आमच्या गाडीत गिअरबॉक्स मागे खाली झुकलेला होता आणि पिनियनचे तोंड त्याला समांतर नव्हते. दोन अंशांचा फरक होता. गिअरबॉक्स वर उचलून हा फरक काढायचा तर तो फ्लोअरच्या बोगद्याला घासला असता.

उपाय म्हणून उस्तादांनी हाउसिंग आणि कमानपाट्यांच्या मध्ये बसतील अशा दोन पाचरा बनवल्या. शंभर मिलिमीटर लांबीची लोखंडी पट्टी, एका टोकाला दुसऱ्यापेक्षा साडेतीन मिलिमीटर जाड, मध्ये मधल्या बोल्टसाठी भोक. एवढ्याने पिनियनचे तोंड दोन अंश वर उचलले गेले. बसवताना यू-बोल्ट दोन्ही बाजूंना थोडे थोडे आळीपाळीने कसा, एकच बाजू पूर्ण आवळली तर पाचर तिरकी बसते, असे त्यांनी मेहुण्याला दोनदा बजावले. मेहुणा पीथमपुरातील एका कारखान्यात देखभाल विभागात अठरा वर्षे आहे, हे सांगणे त्याला किंचित झोंबले, पण त्याने ऐकले.

क्रॉसमेंबरविषयी माझे मत सर्वांत चांगले आहे. पद्मिनीला वेगळी चासी नसते, बॉडीच चासीचे काम करते, आणि चाळीस वर्षांच्या इंदुरी पावसाळ्यांनंतर तिच्या पत्र्यावर कुठेही वेल्डिंगचा ताप देणे म्हणजे शेजारचा पत्रा उघडा पाडणे. मी विचारण्यापूर्वीच उस्ताद म्हणाले की बॉडीवर एकही वेल्ड करणार नाही. जुन्या गिअरबॉक्सच्या टेकूची जी मूळ भोके होती तीच वापरून त्यांनी चौकोनी नळीचा क्रॉसमेंबर बोल्टने बसवला, आणि जेथे नवी भोके पाडावीच लागली तेथे पत्र्याच्या आतून-बाहेरून चार मिलिमीटरच्या प्लेटा देऊन भार पसरवला. इंजिनाच्या दोन फाउंडेशनांतही हेच धोरण. रबर मात्र जिप्सीचेच ठेवले, कारण चार सिलिंडरांच्या या इंजिनाचा मंद चालतानाचा थरथराट गिळण्यासाठी ते बनलेले आहे. परिणामी उद्या वाटले तर जुने इंजिन पुन्हा जागेवर बसू शकते. फक्त गिअरच्या दांड्यासाठी बोगद्यात पाडलेले मुठीएवढे भोक तेवढे कायमचे राहील. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगखाली होता, जिप्सीचा दांडा मजल्यातून वर येतो, त्याला इलाज नव्हता. ते भोक मी स्वतः ग्राइंडरने कापले आणि त्या दिवशी घरात कोणाशी फारसे बोललो नाही.

शाफ्ट तयार होऊन आला तेव्हा उस्तादांनी तो दुकानात व्ही-ब्लॉकवर ठेवून हाताने फिरवून दाखवला. डायल गेजची सुई मध्यावर पाव मिलिमीटरच्या आतच हलत होती. बॅलन्सिंगचे यंत्र त्यांच्याकडे नाही, ते काम बाहेरून करून आणतात, आणि नळीच्या दोन टोकांना वेल्ड केलेले लहान तुकडे त्याची साक्ष देत होते. ताशी साठ किलोमीटर वेगाला हा शाफ्ट मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेतो, त्यामुळे बॅलन्सिंग वाचवण्याचा विचार कोणी करू नये.

आता एक तक्रार, जी निम्मी माझ्यावरच उलटते. बसवण्यापूर्वी ग्रीस भरावे म्हणून मी शाफ्टचा सरकता भाग स्प्लाइनमधून (दातेरी खाचांमधून) बाहेर ओढला, पुसला, ग्रीस लावले आणि परत घातला. गाडी सुरू झाली, पोर्चमध्ये गोड चालली, आणि मेहुण्याच्या कारखान्याच्या आवारातील सरळ रस्त्यावर, जेथे रविवारी परवानगी घेऊन आम्ही ती टेंपोवर घालून नेली होती, पन्नासच्या पुढे जाताच फ्लोअरमधून असा कंप येऊ लागला की आरशात मागचे काहीच दिसेना. मी बॅलन्सिंगला दोष दिला, मेहुण्याने पाचरांना. उस्तादांना फोन केला तर त्यांनी एवढेच विचारले की शाफ्ट खोलला होता का. मी तो परत घालताना एक दात चुकवला होता; सोळा दातांच्या स्प्लाइनवर एक दात म्हणजे साडेबावीस अंश, म्हणजे दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत राहिले नव्हते आणि एका क्रॉसचा दोष दुसरा पुरता फेडत नव्हता. शाफ्ट खोलला, दात जुळवला, आणि सत्तरपर्यंत गाडी शांत. चूक माझी, हे मान्य. पण दोन्ही भागांवर छिन्नीने एकेक खूण ठोकायला अर्धे मिनिट लागते, आणि ती खूण दुकानातून शाफ्ट निघतानाच असायला हवी होती. हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही, पुढच्या भेटीत खूण ठोकून दिली, आणि भिंतीला टेकवलेल्या इतर शाफ्टांवर नंतर मला पांढऱ्या रंगाचे बाण दिसले.

ज्या गोष्टी हे दुकान करत नाही त्याही सांगायला हव्यात. स्पीडोमीटरचा प्रश्न त्यांनी सोडवला नाही. जिप्सीत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, आणि ती केस काढली की काटा शून्यावर झोपतो. हे आम्हाला इंजिन बसल्यावर उमगले. केबलसाठी काही जुगाड करता येईल का असे विचारले तेव्हा उस्तादांनी मान हलवली आणि उपग्रहावर चालणारा मीटर लावा असे सुचवले. तोच लावला आहे, आणि जुन्या डायलचा काटा अजून शून्यावर आहे. ट्रान्सफर केस गेल्याचा दुसरा परिणाम असा की तिच्यात, हाय रेंजमध्येही (रोजच्या वापराच्या जलद गिअरजोडीतही), वेगाची जी थोडी घट होते ती आता मिळत नाही, त्यामुळे पहिला गिअर लांब वाटतो आणि चढावर उभ्या गाडीला उचलताना क्लच जपून सोडावा लागतो.

वायरिंग आणि पेट्रोल यांच्याशी या दुकानाचा संबंध नाही, म्हणून दोनच ओळी. पद्मिनीचा मूळ पंप कार्ब्युरेटरला पुरेल एवढाच, अगदी क्षीण दाब देतो, आणि इंजेक्शनच्या इंजिनाला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. तेव्हा विजेचा पंप, टाकीकडे परत जाणारी दुसरी नळी आणि दाब सोसणाऱ्या होजपाइपशिवाय इंजिनाला हात लावू नये. साध्या रबरी नळीवर पट्टी आवळून काम भागवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या गाडीशेजारी मी गाडी लावत नाही.

ब्रेकच्या बाबतीत उस्तादांनी दिलेला नकार मला आवडला. मूळ इंजिन सुमारे चाळीस अश्वशक्तीचे होते, हे ऐंशीचे आहे, आणि पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम आहेत. पुढे डिस्क बसवण्यासाठी ब्रॅकेट करून द्याल का, असे मी विचारले, तेव्हा जे मी तपासू शकत नाही ते करून देणार नाही, असे ते म्हणाले. सध्या आम्ही ब्रेकचे नवे लायनर, नवी व्हील सिलिंडरे आणि नवा मास्टर सिलिंडर बसवून मूळ ड्रमच ठेवले आहेत, आणि कारखान्याच्या आवारात सत्तरच्या पुढे गेलेलो नाही.

आवाराबाहेर का नाही, याचे उत्तर कायद्यात आहे, आणि हे काम करू इच्छिणाऱ्याने लेथवाल्याआधी त्याचा विचार करावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये असा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आम्ही इंजिनाचे लिलावाचे कागद जोडून परिवहन कार्यालयात अर्ज दिला आहे. त्यावर निर्णय होईपर्यंत गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणार नाही, आणि विमा कंपनीलाही तसे लेखी कळवले आहे. निर्णय नकाराचा आला तर जुने इंजिन सिलिंडरांत नवे लायनर (आतल्या भिंतीच्या नव्या नळ्या) ठोकून परत बसवायचे, ही तयारी ठेवूनच सुरुवात केली. बोल्टने बसवलेल्या क्रॉसमेंबरचे मोल मला त्यामुळे जास्त वाटते. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातील गाडीलाच व्हिंटेज म्हणून नोंदता येते. आमच्या गाडीला पन्नास वर्षे २०३४ मध्ये पुरी होतील, आणि मूळ इंजिन, गिअरबॉक्स व शाफ्ट तेल लावून, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवले आहेत. उस्तादांनी काम हाती घेण्यापूर्वी अर्जाची पोचपावती मागून पाहिली होती. असे विचारणारा दुसरा कोणी मला या शहरात भेटला नाही.

खर्च असा झाला: बॅलन्सिंगसह शाफ्ट ७,२०० रुपये, क्रॉसमेंबर आणि दोन फाउंडेशन ९,५०० रुपये, पाचरांची जोडी ९०० रुपये, घरी येऊन मोजमाप केल्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, फक्त पोहे आणि दोन वेळा चहा झाला. कामाच्या मानाने दर रास्त आहेत. वेळेच्या बाबतीत मात्र सांगितलेले आठ दिवस तेवीस झाले, आणि त्यांतील निदान दहा दिवस शाफ्ट बॅलन्सिंगवाल्याकडे नुसता पडून होता. फोन उचलला जात नाही. स्वतः जाऊन उभे राहावे लागते. पक्के बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितले की दुसऱ्या दिवशी या असे सांगतात. परिवहन कार्यालयाच्या अर्जासोबत बिल जोडायचे असल्याने मला दोन फेऱ्या जास्त झाल्या.

जाणाऱ्यांसाठी इतकेच: दोन्ही फ्लँज बरोबर न्यावेत, टेपने मोजलेली लांबी सांगू नये, आणि गाडी चाकांवर उभी राहण्याच्या स्थितीत आल्यावरच त्यांना बोलवावे. दुपारी एक ते तीन दुकानात कोणी नसते. शाफ्ट हाती घेताना सरकत्या भागावरची खूण आधी पाहावी, आणि नसेल तर तेथेच ठोकून घ्यावी.